चुन्याच्या डबीपासून रसायनशास्त्र

नववीला अणू-रेणूंचा धडा आला की मुलं आधी मूलद्रव्यांची यादी पाठ करायला बसतात. हायड्रोजन, हेलियम, लिथियम असं करत कॅल्शियमपर्यंत पोचतात. वीस नावं तोंडपाठ होतात, पण तोवर एकही पदार्थ हाताळलेला नसतो. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात विज्ञान शिकवत होते. आता निवृत्त असले तरी वाड्यावरची मुलं संध्याकाळी सोप्यावर येऊन बसतात. त्यांना मी यादी बाजूला ठेवायला सांगते आणि एकच पदार्थ धरायला लावते. त्यातला प्रत्येक अणू कुठून आला आणि कुठे गेला, हे मोजायचं. समीकरण म्हणजे जमाखर्चाची वही आहे, ताळा जुळलाच पाहिजे. हे एकदा अंगवळणी पडलं की पुढचं सगळं रसायनशास्त्र त्याच वाटेने येतं.

मी निवडते तो पदार्थ म्हणजे चुना. आपल्याकडे तो पानाच्या डबीत मिळतो, आणि त्याचा कच्चा माल तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खाऊन झालं की ताटात उरतो.

साहित्य असं गोळा करा. तिसऱ्यांच्या मूठभर शिंपा, स्वच्छ घासून वाळवलेल्या. पानाच्या चुन्याची डबी. व्हिनेगर, माडाच्या सुरेचं असलं तरी चालेल. खायचा सोडा, पण बेकिंग पावडर नको, ते मिश्रण असतं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, दोन काचेचे पेले आणि एक स्ट्रॉ. शिवाय एका वाटीत थोड्या काजूच्या बिया, चिंचोके, मिरीचे दाणे आणि तांदूळ. ही वाटी सगळ्यात महत्त्वाची आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगते. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, कायमचं नुकसान होतं. लहान मुलांनी चुन्याची पुडी दाबली आणि ती डोळ्यात फुटली, असे अपघात आपल्या देशात होतात. डबी मोठ्या माणसाने उघडावी, डोळ्यांवर साधा का होईना चष्मा असावा, आणि चुकून थेंब उडालाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरून तडक डॉक्टर गाठावा. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, घरात आणूच नका.

बिया मांडा

काजूची बी म्हणजे कॅल्शियमचा अणू, मिरी म्हणजे कार्बन, चिंचोका म्हणजे ऑक्सिजन, तांदूळ म्हणजे हायड्रोजन. आता जमिनीवर एक काजू, एक मिरी आणि तीन चिंचोके एकत्र ठेवा. हा झाला कॅल्शियम कार्बोनेट. तिसरीची शिंप जवळजवळ सगळी याचीच बनलेली असते. अंड्याचं कवच, संगमरवर, चुनखडी हीसुद्धा याचीच. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपा बसवलेल्या असत, त्याही याच. फळ्यावरचा खडू मात्र हल्ली बहुतेक जिप्समचा असतो. शिंपेचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला तर त्याच्या अंगावर बुडबुडे धरतात, जिप्समच्या खडूवर धरत नाहीत. दोन्ही पांढरे, दोन्हींत कॅल्शियम, पण संयुगं वेगळी. हा फरक मुलांनी स्वतः करून बघावा.

पुढची पायरी भट्टीतली आहे, म्हणून ती फक्त बियांनी करायची. शिंपा सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजल्या की मिरी आणि दोन चिंचोके एकत्र निघून जातात. हा कार्बन डायऑक्साइड वायू. मागे उरतात एक काजू आणि एक चिंचोका, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, आपली चुनकळी.

आता चुनकळीवर पाणी. पाण्याचा रेणू म्हणजे एक चिंचोका आणि दोन तांदूळ. ते चुनकळीशेजारी सरकवा. एक काजू, दोन चिंचोके, दोन तांदूळ असा जो ढीग झाला तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, विझवलेला चुना. डबीत असतो तो हाच. प्रत्यक्षात ही अभिक्रिया होताना इतकी उष्णता बाहेर पडते की पाणी उकळायला लागतं, आणि म्हणूनच ती घरी करायची नाही.

शेवटची पायरी भिंतीवर घडते. चुन्याचा गिलावा ओला असतो तेव्हा तो मऊ असतो. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड, तीच मिरी आणि दोन चिंचोके, त्याच्यात परत शिरतो. ढिगाशेजारी ते ठेवा आणि मुलांना सांगा, यातून मूळची शिंप वेगळी काढ. एक काजू, एक मिरी, तीन चिंचोके बाजूला झाले की उरतात एक चिंचोका आणि दोन तांदूळ. पाणी! गिलावा घट्ट होतो तो नुसता वाळून नव्हे. तो पुन्हा दगड होतो, आणि पाणी बाहेर सोडतो. जांभ्याच्या भिंतींना पूर्वी हेच कवच असायचं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकाचा बाहेरचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला गेला आणि तिथला जांभा आता उघड्यावर पाऊस झेलतो. पुढच्या वेळी तिथे गेलात तर भिंत जवळून बघा, चुन्याच्या थराचं मोल कळेल.

या सगळ्या फेरीत एकही बी हरवली नाही, एकही नवी आली नाही, काजूचा चिंचोका झाला नाही. बदलले ते फक्त सोबती. रासायनिक अभिक्रिया म्हणजे एवढंच, आणि हे वाक्य पाठ करण्यापेक्षा बिया परत परत हलवून बघणं हजार पटींनी बरं. अर्थात खरे अणू बियांसारखे नुसते शेजारी पडलेले नसतात. त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते किंवा ते वाटून घेतले जातात. त्याकडे नंतर येऊ.

वजनं घाला

आता प्रत्येक बीला वजन द्या. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. शिंपेची बेरीज ४० अधिक १२ अधिक ४८, म्हणजे बरोबर १००. इतका सरळ आकडा शिकवायला दुसरा मिळत नाही, म्हणून तर चुना! उडून गेलेला वायू ४४, उरलेली चुनकळी ५६. म्हणजे शंभर किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पुरतं भाजलं तर छप्पन्न किलो चुनकळी हाती येते आणि चव्वेचाळीस किलो हवेत जातात.

हे वजन कुठे जातं, हा प्रश्न स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात तराजू घेऊन सोडवला. भाजताना एक वायू बाहेर पडतो, तो नेहमीच्या हवेपेक्षा वेगळा आहे आणि तोच चुन्यात परत शिरू शकतो, हे त्याने दाखवलं. पुढे फ्रान्सच्या लव्हाझिएने वस्तुमान अक्षय्यतेचा नियम रुजवला. त्याच लव्हाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी छापली, आणि तीत चुन्यालाही मूलद्रव्य म्हणून जागा दिली, कारण तोवर चुनकळी कुणालाच फोडता आली नव्हती. १८०८ मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने वीज वापरून तिच्यातून कॅल्शियम धातू वेगळा केला. मुलांना मी हे आवर्जून सांगते. मूलद्रव्य कशाला म्हणायचं, हे दिसण्यावरून ठरत नाही. रासायनिक रीतीने त्याहून साध्या पदार्थात फोडता येत नाही, ते मूलद्रव्य.

आणि ४०, १२, ४८ हे प्रमाण ठरलेलं आहे. कॅल्शियम कार्बोनेट मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शिंपेतलं असो वा राजस्थानच्या संगमरवरातलं, प्रमाण तेच. जोसेफ प्रूस्तने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला स्थिर प्रमाणाचा नियम तो हाच. मिश्रण आणि संयुग यांत फरक काय, याचं उत्तर इथे आहे. सोलकढीत आगळ कमीजास्त घालता येतं, ते मिश्रण. संयुगात अशी मर्जी चालत नाही.

चुन्याची निवळी

हा प्रयोग घरी बिनधास्त करण्याजोगा आहे, वर सांगितलेली डोळ्यांची काळजी घेतली की झालं. वाटाण्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळा आणि झाकून रात्रभर ठेवा. बराचसा चुना तळाशी बसेल. घाबरू नका, चुना पाण्यात फार विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या पेल्यात काढा. ही निवळी.

स्ट्रॉ बुडवून सावकाश फुंकर घाला. फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी तोंडात जाता कामा नये. थोड्या वेळात पाणी दुधाळ होतं. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट फरक. त्या वायूने निवळीतल्या चुन्याची पुन्हा शिंप केली, इतकी बारीक की ती पाण्यात तरंगते. भिंतीवर जे महिनोन् महिने चालतं ते पेल्यात डोळ्यांसमोर झालं.

बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. फुंकत राहा. बराच वेळ फुंकलं की दुधाळपणा कमी होतो आणि पाणी पुन्हा नितळ व्हायला लागतं. मुलं इथे हमखास चक्रावतात, आणि चक्रावायलाच हवं. जादा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून त्या बारीक शिंपेला विरघळवतात, कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं. ते नितळ पाणी भांड्यात घेऊन उकळा, पुन्हा गढूळ होईल. बोअरवेलच्या पाण्याने भांड्यांच्या तळाला पांढरं पुट धरतं ते याच कारणाने, आणि चुनखडीच्या गुहांत छतावरून खांब लोंबतात तेही याच कारणाने. वहीत या तिन्ही पायऱ्यांची समीकरणं लिहा, आधी बियांनी, मग अक्षरांनी.

उरलेल्या निवळीत चिमूटभर हळद टाका. तांबूस लाल होईल. लिंबू पिळा, पिवळी. देवघरातली पिंजर हळदीवर चुन्यासारख्या अल्कलीची प्रक्रिया करून बनवायची जुनी रीत आहे, तिचं रसायन हेच. आम्ल आणि आम्लारी यांचा धडा येईल तेव्हा हळदीचा कागद उपयोगी पडतो, म्हणून एक-दोन पट्ट्या रंगवून वाळवून ठेवा.

आधी आकडा, मग काटा

आता मोजमापाचा खरा प्रयोग. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. एक सोडियम, एक हायड्रोजन, एक कार्बन, तीन ऑक्सिजन. सोडियम २३ धरून बेरीज करा, ८४ येते. व्हिनेगर घातलं की त्यातून एक कार्बन डायऑक्साइड सुटतो, ४४. म्हणजे ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम वायू. मग १० ग्रॅम सोड्यातून किती? त्रैराशिक मांडा. ५.२ ग्रॅम. हा आकडा वहीत लिहून ठेवा, मग काटा काढा.

उंच भांड्यात २०० मिलिलिटर व्हिनेगर घ्या, वाटीत १० ग्रॅम सोडा. भांडं आणि वाटी दोन्ही एकदम काट्यावर ठेवून एकूण वजन लिहा. सोडा थोडा थोडा घाला, एकदम ओतलात तर फेस उतू जाईल आणि हिशेब बिघडेल. रिकामी वाटी परत काट्यावर ठेवायला विसरू नका. चांगलं ढवळा, चमचा तिथेच झटका, फेस बसू द्या, पुन्हा वजन घ्या. साधारण पाच ग्रॅमची घट दिसली पाहिजे. थोडी कमीही भरेल, कारण काही वायू पाण्यातच विरघळून राहतो. कागदावर आधी काढलेला आकडा काट्यावर उतरतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठीच मी अजून शिकवते.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावून वजन बदलत नाही हे दाखवा, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते करताना एक ध्यानात ठेवा. फुगलेला फुगा जेवढी हवा बाजूला सारतो तेवढं वजन काटा कमी दाखवतो, दर लिटरला साधारण १.२ ग्रॅम. वस्तुमान नाहीसं झालेलं नसतं, हवा फुग्याला वर उचलत असते. हे न सांगता प्रयोग केला तर मूल नेमका उलटा धडा घेऊन उठेल. आणि वायू कोंडण्यासाठी काचेची बाटली बूच लावून बंद करू नका, फुटते.

समीकरण संतुलित करताना

चुन्याची समीकरणं मुद्दाम सोपी आहेत, एकास एक जुळतात. आता जरा अवघड घेऊ. डिचोली-सत्तरीच्या खाणींतलं लाल खनिज, हेमेटाइट. दोन लोह, तीन ऑक्सिजन. लोहाचं वजन ५६ धरलं तर ११२ अधिक ४८, एकूण १६०. त्यात लोह ११२, म्हणजे ७० टक्के. शुद्ध हेमेटाइटमध्ये याहून जास्त लोह असूच शकत नाही. म्हणून ५८ टक्के प्रतीचं खनिज असं कानावर आलं की कळतं, बाकी माती-दगड किती आहे ते. पेपरात येणारे हे आकडे मुलांना आता वाचता येतील.

हे खनिज कार्बनबरोबर तापवलं तर लोह सुटं होतं आणि कार्बन डायऑक्साइड जातो. डावीकडे एका सूत्रात ऑक्सिजन तीन, उजवीकडे दोन. इथे मुलांचा हात चटकन दोनाचा तीन करायला जातो, सूत्राच्या पायाशी असलेला छोटा आकडा बदलायला. तो हात तिथेच धरा. पायाचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजन एक आहे, त्याचे दोन केले तर हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायचं औषध. ते कुणी पिणार नाही. आपल्याला बदलता येतो तो फक्त सूत्राच्या आधी लिहायचा आकडा, म्हणजे ढीग किती घ्यायचे तो.

तीन आणि दोन दोघांनाही सहा चालतं. म्हणून खनिजाचे दोन ढीग, कार्बन डायऑक्साइडचे तीन. आता डावीकडे लोह चार झाले, उजवीकडेही चार लिहा. उजवीकडे कार्बन तीन, डावीकडे तीन लिहा. पुन्हा पहिल्यापासून मोजा. लोह ४ आणि ४, ऑक्सिजन ६ आणि ६, कार्बन ३ आणि ३. जुळलं. क्रम नेहमी असाच ठेवा. जे मूलद्रव्य जास्त अडचणीचं ते आधी, जे एकटं सुटं आहे ते शेवटी, कारण सुट्याचा आकडा बदलून दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडत नाही.

सूत्रांचे आकडे बसायलाही काळ लागला आहे. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये अणूसिद्धांत मांडला तेव्हा पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरला होता, त्यामुळे त्याची ऑक्सिजनची वजनं चुकली. इटलीच्या अव्होगाड्रोने १८११ मध्ये खरी सूत्रं शोधायची वाट दाखवली, पण तिचं महत्त्व लोकांना पटलं ते १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेनंतर, कॅनिझारोने ती नीट समजावल्यावर. विद्वानांना जिथे पन्नास वर्षं लागली, तिथे नववीच्या मुलाला दोन आठवडे लागले तर आईबाबांनी ओरडू नये.

इलेक्ट्रॉन, थोडक्यात

आता मिठाकडे. आगरवाड्याच्या मिठागरात खाडीचं पाणी उन्हाने आटतं आणि मीठ खाली बसतं. तिथे एकही रासायनिक अभिक्रिया झालेली नाही, पाणी नुसतं वाफ होऊन गेलं. पण त्या मिठाचे दोन घटक बघा. सोडियम हा मऊ धातू, पाण्यात पडला तर पेट घेतो, म्हणून रॉकेलखाली ठेवतात. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू, १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईपरला पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला. दोघांचं संयुग आपण रोज आमटीत घालतो. सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, तो क्लोरीनला दिला की दोघांच्याही बाहेरच्या कक्षा आठने भरतात. कॅल्शियमची मांडणी २, ८, ८, २. देण्यासारखे दोन, म्हणून त्याला दोन क्लोरीन लागतात, पण ऑक्सिजन एकच पुरतो, कारण ऑक्सिजनला दोन हवे असतात. संयुजा, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा, पाठ करण्याऐवजी ही मांडणी काढून बघा, सूत्र आपोआप हाती येतं.

पुस्तक इंग्रजीत असलं तरी घरी समजून घेताना मराठीत मोठ्याने बोला. एक काजू गेला, दोन चिंचोके आले, असं खुशाल बोला. परीक्षेत अक्षरं लिहायची सवय दोन-चार दिवसांत होते.

सरावाला ही चार समीकरणं घ्या, आधी बिया मांडून. लोहासाठी नवीन बी लागेल, सुपारीचा तुकडा घ्या. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी. दोन्ही वायू जोडीने फिरतात हे विसरू नका. हेमेटाइट आणि कार्बन मोनॉक्साइडपासून (एक कार्बन, एक ऑक्सिजन) लोह आणि कार्बन डायऑक्साइड. झोतभट्टीत बरंचसं काम प्रत्यक्षात हीच अभिक्रिया करते. मग लोह आणि ऑक्सिजनपासून लोहाचं ऑक्साइड, हेमेटाइटसारखंच दोन लोह आणि तीन ऑक्सिजनचं, आणि मिथेन जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मिथेनमध्ये एक कार्बन, चार हायड्रोजन. ढिगांचे आकडे समीकरणाच्या क्रमाने असे: पहिल्यात २, १, २. दुसऱ्यात १, ३, २, ३. तिसऱ्यात ४, ३, २. चौथ्यात १, २, १, २. तुमचं उत्तर या सगळ्यांच्या दुप्पट आलं असेल तर तेही जुळतंच, फक्त दोनाने भागून लिहा.